मूळ आकार

वेंडेल हॉगन वारल्याला अकरा दिवस झाले होते. जुन्या हॅटांच्या मंडळाने त्यांच्या मुलीवर, मार्लिसवर, उपकार केला तो बाराव्या दिवशी. उपकार गोल खोक्यात होता, वर निळी फीत होती, आणि तो दोन्ही हातांत धरून मंडळाचे अध्यक्ष क्लीट बर्गडॉर्फ सकाळी आठ वाजता मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्यामागे रॉइस टॅनिंजर. हे गावचे निवृत्त जनावरांचे डॉक्टर, आणि मंडळात मतभेद नोंदवायचं काम त्यांच्याकडे असे.

दोघांनी आपापली हॅट काढून टेबलावर उलटी ठेवली. सरळ ठेवली की नशीब गळून जातं, असं मॉन्टानात लहान मूलही सांगेल. मार्लिसच्या वडिलांनी बावन्न वर्षं हॅट उलटीच ठेवली. त्यांचं नशीब स्वादुपिंडातून गळलं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"कशी आहेस, पोरी?" क्लीटनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिडकीकडे बोट केलं. "पडदा ओढ बाई तो. उन्हाने हॅटच्या फेल्टचा रंग उडतो."

मार्लिसने पडदा ओढला. मंडळाची माणसं दुःखातही फेल्टला विसरत नाहीत, हे तिला दफनानंतर तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. त्या दिवशी दोघे पांढरे सुती हातमोजे घालून सांत्वनाला आले होते. "फार वाईट झालं," रॉइस म्हणाले होते, "आणि ती उंच माथ्याची तपकिरी, ती ओलीत तर नाही ना राहिली?" वडिलांनी त्रेसष्ट जुन्या हॅटा जमवल्या होत्या आणि सगळ्या मंडळाला लिहून दिल्या होत्या. एकेकीचा जन्म, कूळ, आतल्या चामडी पट्टीवरचा शिक्का दोघांना तोंडपाठ होता. वेंडेलची जन्मतारीख मात्र थडग्याच्या दगडासाठी मार्लिसलाच सांगावी लागली.

तिने एकच मागून घेतली होती, राखाडी रंगाची. ती संग्रहातली नव्हतीच खरं तर. वडील ती रोज घालायचे. वासरं ओढून काढताना, कुंपणाच्या तारा ताणताना, आईच्या दफनाला, मार्लिसच्या पदवीदानाला. मंडळाच्या यादीत तिच्यापुढे 'वापरातली' असा शेरा होता. घराण्यातल्या पळून गेलेल्या मुलीबद्दल जितकं बोलतात तितकंच.

आणि तीच राखाडी हॅट क्लीट चार दिवसांपूर्वी घेऊन गेले होते. आज दुपारी मिरवणूक होती. मंडळातलं माणूस गेलं की त्याचा घोडा रिकाम्या खोगिराने चालवायचा आणि खोगिराच्या पुढच्या खुंटीवर त्याची हॅट ठेवायची, ही रीत. "जरा ब्रश फिरवून आणतो," ते म्हणाले होते.

"उघड," क्लीट म्हणाले. त्यांचे डोळे वाढदिवस असलेल्या मुलासारखे चमकत होते.

मार्लिसने फीत सोडली.

आत एक हॅट होती. माथा उंच, गोल, अंड्यासारखा गुळगुळीत. काठ ताटासारखा सपाट. वास साबणाचा.

"एकोणीसशे अठ्ठेचाळीस!" क्लीट म्हणाले. "कारखान्यातून निघाली तेव्हा अश्शी होती. मूळ आकार! तीन दिवस साच्यावर चढवून ठेवली होती."

"घामाचा एक डाग ठेवला नाही," रॉइस म्हणाले. "चार वेळा धुतली. पहिल्या पाण्यात काय काय निघालं म्हणून सांगू! निम्मं तुमचं कुरण होतं."

मार्लिसने हॅट वळवली. पुन्हा वळवली.

"चिमटा कुठे आहे?"

"कसला चिमटा?"

"समोरचा. बाबा जिथे धरायचे तो."

"अगं, तो काढला!" क्लीट खूश होऊन म्हणाले. "तोच तर काढायचा होता. हॅट नेहमी काठाला धरून उचलावी. वेंडेलला मी चाळीस वर्षं सांगत होतो. पण तो माथा मुठीत धरायचा, पावाचा तुकडा उचलावा तसा. पार वाट लावली होती चांगल्या बीव्हरच्या केसांच्या फेल्टची."

मार्लिस खुर्चीवर बसली. अकरा दिवसांतले सात दिवस तिने रोज सकाळी कॉफी ओतायच्या आधी त्या चिमट्याच्या खळग्यांत बोटं घातली होती. बोटं त्यात सैल बसायची, कारण खळगे मोठ्या हाताचे होते. रडू यायचं नाही, पण कॉफी ओतता यायची. उरलेले चार दिवस ती हॅटची वाट बघत होती.

"क्लीटकाका," ती म्हणाली, "तो हात गेला. मी दुसरा कुठून आणू?"

चाळीस वर्षं लिलावात बोली पुकारलेले क्लीट निळी फीत बोटाला गुंडाळत राहिले.

"मी म्हटलं होतं," रॉइस हळूच म्हणाले.

"तू काय म्हटलं होतंस? तू म्हणालास पाचव्यांदा धुऊ!"

"भांडू नका," मार्लिस उठून किटली ठेवत म्हणाली. "परत करून द्या."

"म्हणजे?"

"चिमटा. तुम्हाला येतं ना सगळं? करा."

किटलीच्या तोंडाशी हॅट धरली. फेल्ट मऊ झालं, तसा क्लीटनी माथ्याचा समोरचा भाग मुठीत धरून दाबला. हातमोजे न घालता. दोन सुबक खळगे पडले, दोन्ही बाजूंना सारखे.

"असा."

"नाही," मार्लिस म्हणाली.

"मग कसा?"

तिने डोळे मिटले आणि घाबरली. तिला सांगता येत नव्हतं. पन्नास वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि डावा खळगा खोल की उजवा, तेही आठवेना.

"डावा खोल होता," रॉइस म्हणाले. "आणि मागे सरकलेला. माथ्याला तिरकी सुरकुती जायची. पावसाचं पाणी तिथून ओघळायचं, घोड्यावर मी त्याच्या मागे बसलो की माझ्या गुडघ्यावर."

"सुरकुत्या दोन होत्या," क्लीट म्हणाले. "एक मोठी, एक बारकी. बारकी दोन हजार चारला पडली."

मार्लिस दोघांकडे बघत राहिली. वेंडेल वाळत चालले होते, पिवळे पडत होते, ते या दोघांना दफनाच्या आमंत्रणापर्यंत कळलं नव्हतं. पण बारकी सुरकुती कुठल्या साली पडली ते कळलं होतं. त्यांनी माणसाकडे बघितलंच नव्हतं. त्याच्या डोक्यावर मात्र चाळीस वर्षं नजर ठेवली होती.

पुन्हा वाफ. डावा खळगा खोल केला. "नाही." पुन्हा वाफ. "नाही, उजवा फारच वर गेला." रॉइसनी केला, तो तर फारच वाईट निघाला, गाईच्या पोटात वासरू चाचपल्यासारखा. किटलीत दुसऱ्यांदा पाणी घातलं. पाचव्या वेळेला क्लीटचा अंगठा फेल्टवर होता आणि मार्लिस एकदम म्हणाली, "अंगठा!"

"काय झालं अंगठ्याला?"

"त्यांना नव्हता. अर्धा नव्हता."

उजव्या अंगठ्याचं पेर दोर खोगिराच्या खुंटीला गुंडाळताना तुटलं होतं, मार्लिस चार वर्षांची असताना. वेंडेल तो हात असा वापरायचे की लोक विसरूनच गेले. मुलगीही विसरली होती. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की मंडळावरचा राग थोडा पातळ झाला.

क्लीटनी अंगठा दुमडला आणि नुसत्या सांध्याने दाबलं. उजवीकडे एक उथळ, बोथट खोलगा पडला. मार्लिसने त्यांचं मनगट धरून जरा खाली ओढलं. "इथे. आणखी थोडं. थांबा."

हॅट टेबलावर ठेवली. रॉइसनी चष्मा पुसला.

हुबेहूब नव्हती. सुरकुती एकच पडली होती, आणि डावीकडे तीनऐवजी अडीच बोटांचं काम दिसत होतं. फेल्ट थकलं होतं. "जनावर असतं," रॉइस म्हणाले, "तर मी म्हटलं असतं, आता सोडा त्याला."

"अजून एकदा करतो," क्लीट म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तसाच पडेल. नक्की."

मार्लिसने खळग्यांत बोटं घातली. सैल बसली.

"बस," ती म्हणाली. "राहू द्या."

दुपारी मिरवणुकीत वडिलांचा घोडा मंडळाच्या मंडपासमोर थांबला. मार्लिसने लगाम धरला होता, हॅट खुंटीवर होती. रीतीप्रमाणे अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून हॅटची माहिती द्यायची असते, आणि क्लीट या भागासाठी तालुकाभर कुप्रसिद्ध होते. ऐकणारे आधीच सावलीला सरकले. क्लीटनी खिशातून कागद काढला, वाचला, परत खिशात घातला.

"वेंडेल हॉगनची हॅट," ते म्हणाले.

लोक वाट बघत राहिले.

"साल कुठलं, क्लीट?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मला नाही माहीत," क्लीट म्हणाले, आणि ध्वनिक्षेपक रॉइसच्या हातात देऊन घोड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मार्लिसबरोबर चालायला लागले.