कांद्याच्या बारा वाट्या

स्की-केंद्राच्या हॉटेलच्या हॉलमधली शेकोटी बघूनच रफिलाआत्याने नाक मुरडलं होतं. ज्वाळा काचेमागे, विजेवरच्या. ना धूर, ना ऊब. तरी तिने जानेवारीची वाटी शेकोटीच्या बाजूलाच मांडली. महिने चुलीकडून मोजायचे, ही तिच्या घरची रीत.

नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी कांदे चिरून तिने पाकळ्यांच्या बारा वाट्या, महिन्याला एक, तिथे ओळीने लावल्या, प्रत्येकीत चिमूटभर जाडं मीठ टाकलं. सकाळी जिच्यात पाणी सुटेल तो महिना ओला. चाळीस वर्षं नव्या वर्षाच्या सकाळी ती हे चर्चच्या अंगणात सांगत आली होती, आणि जूनमध्ये गवत कापून वाळत घालायचं की पावसासाठी थांबायचं ते गावातली तीस घरं तिच्या शब्दावर ठरवत होती.

यंदा मात्र स्की-केंद्राचा डायरेक्टर साबिन टीव्हीवाल्यांना घेऊन आला. दोन हिवाळे बर्फाने तोंड दाखवलं नव्हतं. हवामान खात्यानेही मार्चपर्यंत डोंगर उबदार राहील असं कळवलं होतं. तेव्हा कुठे या माणसाला कांदा आठवला. परवापर्यंत तो तिला 'कांदेवाली' म्हणायचा. खात्याचा कागद मनासारखा नसला की माणूस विळी-कांद्यापाशी येतो, हे बघून तिला त्याची कीवही आली नाही. पण सरपंच तोआदेर घरी येऊन बसला. "आत्या, आपली निम्मी माणसं त्याच्या डोंगरावरच्या लिफ्टवर कामाला आहेत. यंदा वाट्या त्याच्या हॉटेलात मांडा, एवढं ऐका." ती म्हणाली, "येईन. पण दिसेल तेच बोलेन."

आता सकाळ झाली होती, कॅमेरा सुरू होता. मागे गावातली माणसं टोप्या हातात धरून उभी. गुळगुळीत दाढीचा साबिन हसत म्हणाला, "या आजी, सांगा. जानेवारी, फेब्रुवारीत बर्फ किती?"

रफिलाआत्या शेकोटीकडच्या टोकाला वाकली. "जानेवारी कोरडा. फेब्रुवारी कोरडा."

"अहो, त्या नव्हेत!" साबिन पुढे सरसावला. "खिडकीकडून मोजा. त्या बघा, दोन भरल्यात काठोकाठ."

"त्या डिसेंबर नि नोव्हेंबर. तुला कोणी सांगितलं खिडकीकडून?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साबिनचे कान लाल झाले.

ती त्या दोन वाट्यांकडे गेली. पाणी काचेसारखं स्वच्छ, मीठ तळाशी तसंच बसलेलं. कांद्याचं पाणी असं असतं होय? ते गढूळ असतं, बोटाला चिकटतं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. नळाचं. याला फसवायचंही धड येत नाही, असं तिच्या मनात आलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने किमान कांदा तरी पिळायचा!

मग तिने बाकीच्या दहा वाट्या एकेक करून उचलल्या, आणि तिचा चेहरा बदलला. वाटी कोरडी राहिली तरी मिठाचे खडे चिकटून राहतात. इथे एक कणही नव्हता. जूनच्या वाटीत कागदी रुमालाचा पांढरा धागा अडकला होता.

"या का पुसल्यास?"

"मी... म्हणजे, कॅमेऱ्यात फरक उठून दिसावा म्हणून," साबिन हळू बोलला. "ओल्या ओल्या दिसाव्यात, कोरड्या कोरड्या. कांदाच तर आहे, आजी!"

"मघाशी जानेवारी कोरडा म्हणाले, तेही मागे घेते," ती वळून लोकांना म्हणाली. "मला काही दिसलेलं नाही."

मेंढरांचा मोठा कळप असलेला इलिए पुढे आला. "आणि जून, आत्या? माझा डोंगरउताराचा सगळा तुकडा कापायचाय."

"जून याच्या रुमालात गेला."

"परत मांडा की."

"वर्षात ही रात्र एकच असते, इलिए. ती गेली. उगाच बोलून तुझं गवत कुजवू? चाळीस वर्षांत असं बोलले नाही, आता या बावळटासाठी बोलू?"

वार्ताहर मुलीने माईक पुढे केला. "आजी, पण यंदा पाहुण्यांनी यावं की नाही?"

"येऊ देत की. याने दोन वाट्या भरल्या तसा डोंगरही भरेल, बादलीने."

साबिन पुटपुटला, "बंद करा." कॅमेरावाल्याने ऐकलं नाही. रफिलाआत्याने शाल आवळली आणि कुणाकडे न बघता ती दारातून बाहेर पडली. बाहेर तिच्या बुटाखाली चिखल पचपचत होता.

आत इलिए टोपी चुरगाळत साबिनसमोर उभा राहिला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"मग आता तुम्हीच सांगा, साहेब. गवत कधी कापू?"