कायमचा पत्ता

साहेब, तुम्ही त्याचा पत्ता वाचलात, माझा वाचला नाहीत. आदेशात लिहिलंत, आरोपीला कायमचा पत्ता आहे, तो पळून जाणार नाही, तपास संपलाय, म्हणून जामीन. पळेल कशाला? त्याचं दार माझ्या दारासमोर आहे. मधे चार फरशा.

त्याच फरशांवर त्याने माझ्या भावाला पहारीने ठार मारलं. जिन्यात सायकल ठेवली म्हणून. बघितलं मी एकटीने. आता घरात मी आणि शिलाई मशीन.

जामिनाची सुनावणी झाली, हे मला त्याच्या चपला दारात दिसल्या तेव्हा कळलं. सरकारी वकिलांना गाठलं.

"ताई, साक्षीदाराशी बोलायचं नाही अशी अट आहे. बोलला का तो?"

"नाही. दारात खुर्ची टाकून बसतो. बघतो."

"स्वतःच्या दारात बसणाऱ्याला कोण उठवणार?"

"मग मी कुठे बसू?"

"बघू," म्हणाले आणि फाइलीची दोरी बांधायला लागले.

अट त्याला घातलीत, पाळतोय अख्खा मजला. शेजारच्या काकू काही उसवलेलं घेऊन आल्या की तासभर उठायच्या नाहीत. आता फिरकत नाहीत. परवा मीच त्यांना जिन्यात धरलं तर म्हणाल्या, "अगं, थोडे दिवस बहिणीकडे जाऊन ये ना."

"मला बहीण नाही, काकू."

"हो का," म्हणाल्या आणि पिशवी सावरत उतरल्या. वीस वर्षं ओळखतात मला.

जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही, एवढं मला कळतं. निकालाआधी माणसाला सडवू नये, हेही पटतं. पण खटला संपेपर्यंत दुसऱ्या वस्तीत राहा, ही एक ओळ लिहायला तुमची शाई संपली होती का?

सोमवारी माझी साक्ष आहे. समन्स घेऊन आलेला शिपाई त्याच्या खुर्चीला टेकून उभा होता. "वेळेवर या बाई, नाहीतर वॉरंट निघेल," म्हणाला. खुर्चीतला हसला. बोलला काही नाही, अट मोडली नाही.

त्या दिवसापासून मशीन चालवताना मी एक वाक्य म्हणून बघते. "दिवा गेला होता, मला काही दिसलं नाही." पहिल्यांदा जीभ अडखळली. काल अडखळली नाही.

सोमवारी पिंजऱ्यात उभी राहून मी हेच बोलले, तर ते खोटं कोणाच्या नावावर लिहाल? माझ्या, की जामिनावर सही करणाऱ्याच्या? लेखी सांगा. सोमवारच्या आत.