गोजराचं उठणं

माझ्या बहिणीच्या, गोजराबाईच्या सासरची माणसं रिसोडजवळच्या खेड्यातली, अकलेनं भारी. सासरा पुंजाजी ओसरीवर आला की सुनेनं उठून उभं राहायचं, हा त्या घराचा कायदा. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात गोजरा उठेनाशी झाली. आधी भिंत धरून, मग स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत ती कशीबशी उभी राही. बोटं मात्र शाबूत होती, वाकळ शिवताना टाका तसाच बारीक पडायचा. एवढ्यावरून त्या विद्वानांनी निदान केलं, सुनेला माज आलाय. सुई चालते आणि पाय चालत नाहीत, असं कुठं असतं?

इलाजही घरचाच. सासू तुळसाबाईनं रोज सकाळी खांब धरून शंभर उठाबशा काढायला लावल्या. आठव्या दिवशी गोजरा चुलीपुढं कोसळली. तिचा नवरा मारोतराव जवळच बिडी ओढत होता, त्यानं बिडी संपवली. मग बापलेकांनी बैलगाडीत घालून तिला जवळच्याच मालेगावला माझ्या दारात आणून टाकलं.

"हिले उठाले शिकवा, मंग धाडा," पुंजाजी म्हणाला. "नाई तं आमी दुसरी पाहतो."

मी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरनं मांडीतलं इवलंसं मांस काढून काचेखाली पाहिलं. शरीराचा राखणदारच घरच्यांवर काठी उगारतो असा हा आजार, असं तो म्हणाला. पण मांसही मुकाट मार खात नसावं, कुठं कुठं ते त्या राखणदाराला आवरत असावं, म्हणून बोटं वाचली असतील. नक्की मलाही ठाऊक नाही, असंही त्यानं कबूल केलं. पुंजाजीच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. डॉक्टरनं नव्या गोळ्या दिल्या आणि उठाबशांचं ऐकून कपाळाला हात लावला.

वर्षभरात गोजरा हिंडूफिरू लागली, विहिरीवरून घागर आणू लागली. तिकडं दुसरी कुणी मिळालीच नव्हती. खबर लागताच पुंजाजी नवं लुगडं घेऊन हजर झाला.

गोजरा माझ्या ओसरीवर वाकळ शिवत होती. सासरा समोर येऊन थांबला, वाट पाहत राहिला. तिनं दातानं दोरा तोडला.

"काहून उठत नाईस? अजून दुखते काय?"

"नाई मामाजी," गोजरा म्हणाली. "आता उठता येते मले."

आणि तिनं सुईत नवा दोरा ओवला.