काळूरामशेटच्या चार दारांची एक पाटी

मित्रांनो, पत्र्याची जुनी पाटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी गरीब बिचारी येत असेल. मी तशी नाही. वीतभर लांब, चार बोटं रुंद, अंगावर अक्षरं, 'भाड्याचे घर, परवाना आहे'. एवढ्याशा अंगात मी एका माणसावर सहा वर्षं डूख धरून होते आणि शेवटी सूड उगवलाच. हे आधीच सांगून टाकते.

मुरुडच्या अलीकडे समुद्राला चिकटून पोफळबंदर नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने १९५३ साली ठराव केला. जो कोणी घर भाड्याने देईल त्याने घरामागे वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा. छप्पर धड असेल तरच परवाना मिळेल. जमलेल्या पैशांतून गावची गटारं बांधायची होती. रंगाऱ्याने माझ्यावर पांढरी अक्षरं काढली तेव्हा मी फुगून गेले होते. ज्या दारावर मी, त्या दारातलं माणूस निर्धास्त, अशी माझी समजूत होती.

मला नेलं काळूरामशेटने. माडांच्या वाडीत त्याची चार घरं ओळीने होती आणि चारही भाड्याने दिलेली होती. पैसे त्याने एकाच घराचे भरले. मला पहिल्या दाराशेजारी भिंतीतल्या खिळ्याला टांगलं. आमच्याकडे पाटीला पावसाआधी उंडीचं तेल चोळतात, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने पत्रा सडतो. या मेल्याने सहा वर्षांत तेलाचं बोट लावलं नाही.

त्याहून मोठा अपमान दर चैत्रात व्हायचा. म्हातारे कारकून तपासणीला येत. पहिल्या दाराची पाटी बघून ते खूण करत. मग काळूराम त्यांना ओटीवर बसवून शहाळं फोडायचा. तेवढ्यात त्याची बायको गोदूबाई मला पदराखाली घालून परसातून दुसऱ्या दाराशी टांगायची. मग तिसऱ्या, मग चौथ्या. कारकून चार शहाळी पीत आणि चार खुणा करत. नगरपालिकेत तपासणीचं टेबल वेगळं आणि पैशांचं टेबल वेगळं. दोन्ही वह्या कुणी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. चोराच्या पदराखालून फिरताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या घरात आवडाबाई राहायची. सुकी मासळी विकून एकटीचं पोट भरायची. तिचं छप्पर असं गळायचं की पावसाळ्यासाठी साठवलेले बोंबील टोपल्यांतच कुजायचे. एकोणसाठ साली शिमगा झाल्यावर ती नगरपालिकेत गेली. तपासणीच्या टेबलाने सांगितलं, "तुझ्या दाराला पाटी आहे, म्हणजे छप्पर धडच आहे." पैशांच्या टेबलाने सांगितलं, "हे घर आमच्या वहीतच नाही, मग तू भाडेकरू कुठली?"

काळूरामला हे कळलं. तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"माझी चुगली करतेस व्हय? आगोटीच्या आत खोली खाली कर."

"पावसाच्या तोंडाला कुठं जाऊ, शेट? मला कोन हाय?"

"ते मला न्हाय ठाव."

तो गेला. ती उंबऱ्यावर बसून राहिली. त्या दिवशी मला दात असते तर मी चावले असते. पण माझ्याकडे होता तो फक्त गंज. सहा पावसाळे मी तो पहिल्या घराच्या भिंतीवर ओघळत होते. काळूराम वरून चुना फासायचा आणि मी चुन्यातून पुन्हा वर यायचे.

त्या चैत्रात म्हातारे कारकून निवृत्त झाले होते. शिवदास नावाचा नवा कारकून आला, कोळ्याचा मुलगा. त्यानेही शहाळी घेतली. तिसऱ्या दाराशी मात्र तो मला सोडून भिंतीकडेच बघत राहिला.

"शेट, ही पाटी इथं किती वर्षं आहे?"

"सहा वर्सं झाली, साहेब."

"आमच्या दाराची कडी एका पावसात भिंत तांबडी करते. ही पाटी सडलीय आणि भिंत कोरी कशी?"

त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि पहिल्या दाराकडे चालू लागला. तिथे रिकामा खिळा होता आणि त्याच्याखाली हातभर तांबडा ओघळ. काळूरामचं तोंड जे उतरलं, ते मी डोळे भरून पाहिलं. मला जराही दया आली नाही.

तीन घरांचे सहा वर्षांचे पैसे आणि वर दंड त्याला भरावा लागला. चारही घरं वहीत चढली. आवडाबाईचं नावही भाडेकरू म्हणून चढलं, त्यामुळे तिला काढायची सोय उरली नाही. नवी पाटी येईपर्यंत शिवदासने मला तिच्याच दाराशी टांगलं. परवान्याच्या कागदावर मात्र एक अट होती. छप्पर धड आहे, असा भाडेकरूचा अंगठा हवा.

आगोट जवळ आली होती. शाकारणीला माणूस मिळेना, म्हणून शेट स्वतः छपरावर चढला. कौलं सारून खाली आला आणि कागद पुढे केला. आवडाबाईने त्याला खोलीच्या मधोमध बसवलं. मग गोदूबाईला शिडीवर चढवून कौलांवर घागरीने पाणी ओतायला लावलं. थेंब बरोबर शेटच्या टोपीवर पडला.

"अजून एक कौल, शेट," आवडाबाई म्हणाली.

तो तीनदा चढला आणि तीनदा तिथेच बसला. तिसऱ्या खेपेला थेंब पडला नाही. त्याने घाईने शाईची डबी उघडली.

"आज न्हाय," ती म्हणाली. "राती झोपून बघते. सकाळी या."

सकाळी तो आला आणि तिची मासळी निवडून होईस्तोवर दाराबाहेर उभा राहिला. मग तिने हात धुऊन अंगठा दिला.

मित्रांनो, परवान्याची पाटी नुसती वाचून पुढे जाऊ नका. दार ठोठावा आणि आतल्या माणसाला विचारा, वरून गळतं का. गळत असेल, तर मालकाला बोलावून त्याखाली बसवा.