प्यो मास्तरांची उजळणी

सॉक-ग्यूला मेलेल्या माणसाशी बोलताना मी पाहिलं, ते भर गर्दीत, पत्रकारांच्या देखत. आणि वर टाळ्या पडल्या! लोक कशाला टाळ्या वाजवतील, काही नेम नाही.

झालं असं. तोंगयोंगच्या बंदरावरच्या एका हॉटेलात त्या हिवाळ्यात बादुकच्या, म्हणजे पटावर काळ्या-पांढऱ्या खड्यांनी खेळायच्या खेळाच्या, मोठ्या किताबाची अंतिम लढत होती. तीनपैकी दोन डाव जिंकेल त्याचा किताब. एका बाजूला आमचा प्यो सॉक-ग्यू, वय चोपन्न. दुसऱ्या बाजूला ताक शिऑन, वय बावीस, ज्याच्यापुढे हल्ली कोणी टिकत नाही. चोपन्नाव्या वर्षी अंतिम फेरीत येणं म्हणजे खायचं काम नाही. या वयाची आमच्यातली माणसं पोरं शिकवतात, नाहीतर माझ्यासारखी माईक धरून दुसऱ्यांच्या डावांवर बडबड करतात. सॉक-ग्यूने आयुष्यात बाकी सगळं जिंकलं होतं, हा एकच किताब राहिला होता. तरुणपणी तीनदा तो कुक मान-शिकने याच्या तोंडचा काढून नेला. पुढे मान-शिक वारला, पण सॉक-ग्यूच्या मनातलं ते शल्य काही गेलं नाही.

पहिला डाव सॉक-ग्यूने घेतला, तोही असा की ताकला नीट श्वास घेता आला नाही. मग उजळणी सुरू झाली. आमच्यात डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला तिथेच बसून पहिल्या खड्यापासून सगळा डाव पुन्हा मांडतात, कुठे काय चुकलं ते बघतात. हरलेल्याचा जीव जात असतो, तरी बसावंच लागतं. त्यात आठवायचं असं काही नसतं, हात आपोआप चालतो. गाढ झोपेतून उठवा, आमच्यातला माणूस आपला डाव मांडून दाखवील.

सॉक-ग्यू मांडत होता. मध्येच त्याने एक काळा खडा भलत्याच कोपऱ्यात ठेवला. मग ताकच्या खड्यांच्या वाटीत हात घालून पांढराही स्वतःच ठेवला. मग काळा, मग पांढरा.

"असं खेळायला हवं होतं का, मास्तर?" ताकने विचारलं.

"इथे कशाला आलास रे?" सॉक-ग्यू पुटपुटला. "घाई नडते तुला. नेहमीचंच आहे तुझं."

पत्रकारांना वाटलं, म्हातारा पोराला नवी वाट दाखवतोय. पडल्या टाळ्या. मी मात्र खडे ओळखले. ती वाट नवी नव्हती. मान-शिकने ज्या डावात पहिल्यांदा किताब नेला, तो डाव होता तो. मी तेव्हा त्याच खोलीत बसले होते, मला तो पाठ आहे. सॉक-ग्यूने खडान्‌खडा बरोबर मांडला होता. फक्त समोर बसलेला पोरगा त्या दिवशी जन्मालाही आला नव्हता.

मी त्याला जिन्यात गाठलं.

"सॉक-ग्यू, मगाशी कोणाचा डाव मांडत होतास?"

"कोणाचा म्हणजे? आजचा."

"मला शिकवतोस? गुरूंच्या घरी राहायला आलास तेव्हा तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. थापा मला नको मारूस."

 तो हसला, पकडलेल्या पोरासारखा. "तूच ओळखणार, ताई. होतं असं कधीकधी. या वसंतापासून."

"आणि हे मला आत्ता सांगतोस? गाढवा!"

"ओरडू नकोस. हे बघ, उजळणीत मला आता आठवावं लागतं. डावात काय आठवायचं? सगळे खडे समोर असतात. जे आहे ते पटावर दिसतं. पटाने मला कधी फसवलं नाही."

 खरंच होतं ते. तेवढ्यात त्याची बायको ग्युम-ओक वर आली. आमची तोंडं पाहून तिला सगळं कळलं. तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, एकच डाव जिंकायचा राहिलाय. तो झाला की तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे नेते. पण आत्ता कुठे बोलू नका. हा किताब गेला ना, तर हे मनाने पुन्हा उभे राहणारच नाहीत."

"आणि पटावर काही झालं तर?"

"शुभ बोला हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात मी पाहते तर काय, सॉक-ग्यू शेवाळाचं सूप पितोय. चांगला चवीने, भात बुडवून. ते बुळबुळीत सूप परीक्षेच्या किंवा लढतीच्या दिवशी आमच्याकडे कोणी तोंडाला लावत नाही, घसरून आपटायला होतं म्हणतात. ते प्यायचं वाढदिवसाला. सॉक-ग्यू तर या बाबतीत इतका कट्टर की शेजारच्या टेबलावर कोणी प्यायलं तरी उठून जायचा.

"कोणाचा वाढदिवस गं आज?" त्याने बायकोला विचारलं.

 ग्युम-ओकने वाटी ओढून घेतली आणि पाहुण्यांकडे बघून उगाच हसली. 

डाव सुरू झाला. वरच्या शांत खोलीत ते दोघे, पंच आणि वेळ मोजणारी मुलगी. खाली सभागृहात लोकांपुढे मोठा पट लावून मी आणि एक सूत्रसंचालिका. पडद्यावर खोली दिसत होती. मी खेळ्या कमी आणि त्याचा चेहरा जास्त बघत होते. एकेक खेळी पडली की मी मनात म्हणायचे, ही आजचीच ना? हो, आजचीच. देवा, पुढची?

आणि काय खेळत होता तो! जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने मधला पांढरा गट असा कोंडला की सभागृहात लोक उठून उभे राहिले. ताकचे कान लाल झाले. "मॅडम, हे मास्तरांचं आयुष्यातलं सर्वात चांगलं खेळणं म्हणायचं का?" सूत्रसंचालिकेने विचारलं. मी म्हटलं, "डाव संपू दे, मग विचार."  पण खरं सांगते, मीही लोभावले. वाटलं, होतंय, निभावतंय हे. अजून थोडा वेळ.

ताक विचारात बुडाला होता. त्याची खेळी होती, त्याला घाई नव्हती. मिनिटांमागून मिनिटं गेली. समोर सॉक-ग्यू शांत बसला होता, फार शांत. मग त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

माझ्या हातातला मोठा खडा खाली पडला. तो चष्मा पुसतो, तो डाव संपल्यावर. कधीही बघा, संपल्यावरच.

"नको," मी म्हटलं. माईक चालू होता.

सॉक-ग्यूने चष्मा लावला, ताककडे बघून प्रेमाने हसला आणि पटावरून एक पांढरा खडा उचलला. मग दुसरा. काळे उचलले. उजव्या बाजूची जागा मोकळी केली आणि तिथे नवे खडे मांडू लागला.  वेळ मोजणारी मुलगी तोंडावर हात धरून बसली.

"मॅडम, मास्तर काय करताहेत?" सूत्रसंचालिकेने विचारलं.

काय सांगणार होते मी? "डाव संपायच्या आधी त्यांनी उजळणी सुरू केली आहे," मी म्हटलं. "चालू डावातले खडे उचलले की डाव जातो. डाव गेला." माईक तिच्या हातात कोंबून मी जिन्याकडे धावले.

वरच्या खोलीत पंच दाराशी खिळून उभे होते. ताक मान खाली घालून बसला होता. सॉक-ग्यू त्याला समजावत होता, "हे बघ, इथून आत शिरला असतास ना, तर मेलोच होतो मी. दिसलं नाही ना तुला? डाव्या बाजूलाही हाच घोटाळा आहे माझा, दर वेळी होतो. लक्षात ठेव." मला बघून त्याचा चेहरा फुलला. "ये, ताई! मिळाला एकदाचा!"

ग्युम-ओक माझ्यामागून आत आली होती. ती नुसती मान हलवत होती, सांगू नका, सांगू नका. पण मग कोणी सांगायचं होतं? पंचांनी?

"सॉक-ग्यू," मी म्हटलं, "डाव संपला नव्हता."

"काय?"

"ताकची खेळी होती. तो विचार करत होता. तू खडे उचललेस. डाव गेला, बाळा."

त्याने ताककडे पाहिलं. "खरं का रे?"

"मास्तर, मी हरलोच होतो," ताक हुंदके देत म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला शेवट दिसला असेल. मला थांबवता आलं नाही तुम्हाला."

सॉक-ग्यूने नवे खडे काढले, उचललेले परत ठेवले, सगळे आपापल्या जागी. एकही चुकला नाही. मग पटाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "याचीच खेळी." आणि ताकला वाकून नमस्कार केला. "हरलो मी."

"एक-एक झालंय फक्त!" ग्युम-ओक रडत ओरडली. "उद्या आहे ना अजून! आज तुम्हीच पुढे होता, सगळ्यांनी पाहिलंय. उद्या मी आत बसते, पंचांना विनवते, डाव चालू आहे अशी खूण करत जाईन..."

"ग्युम-ओक," तो म्हणाला, "डाव मला अजून येतो गं. तो चालू आहे की संपला, तेच कळत नाही. ते दुसऱ्याला विचारून कसं खेळायचं?"

 पंचांनी माझ्याकडे पाहिलं. सॉक-ग्यू म्हणाला, "खाली लोक थांबले असतील, ताई. सांगून टाक त्यांना."

मी खाली गेले. कोणी जागचं हललं नव्हतं. मी म्हटलं, प्यो मास्तर उद्या खेळणार नाहीत. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मग पुढच्या वर्षी? मी म्हटलं, नाही. मागून कोणीतरी चिडून ओरडलं, "पण ते जिंकत होते ना?"

"हो," मी म्हटलं. "जिंकत होता."