अर्धी प्रत

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भाऊचा संगणक अडकला. ताई तेव्हा त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. तो लिहीत असताना पडद्याकडे बघायचं नाही, हा घरातला नियम होता. अक्षर निवडलं की होणारी टिकटिक थांबली, म्हणून तिने मान वळवली. पडद्यावर दुधाळ सावट आलं होतं आणि मधोमध ते नेहमीचं चक्र गरगरत होतं. ओळी वाचल्या जायच्या आत तिने नजर काढून घेतली.

भाऊ बावीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होता. साक्षीदाराची जीभ कितीही सुटो, त्याची पेन्सिल कधी मागे राहिली नाही. मग दुखणं आलं. हात गेले, पाय गेले, वाचा गेली. डोळे तेवढे उरले. पडद्याखालचा कॅमेरा त्याची नजर कुठल्या अक्षरावर ठरते ते टिपायचा. अंगात बळ असलं तर मिनिटाला सहा अक्षरं. सवयी मात्र कचेरीतल्याच राहिल्या. अर्धी प्रत कुणाला दाखवायची नाही, अर्धी प्रत दप्तरी लावायची नाही. लिहून पुरं झालं की तो नजर छताकडे न्यायचा, मग ताईने ते जतन करायचं आणि वाचायचं.

या वेळचं लिखाण तीन दिवस चाललं होतं. श्वास पुरत नव्हता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची की नाही ते शुक्रवारी अकरापर्यंत ठरवा, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. घातली तर यंत्राच्या आधाराने काही वर्षं, नाही घातली तर काही दिवस.

"हो की नाही, एवढंच सांग ना," ताई तेव्हाच म्हणाली होती. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. रोजचा कारभार त्यावरच चालायचा. पण भाऊने लिहून दाखवलं होतं, 'एवढ्यावर भागणार नाही. सगळं लिहितो.'

आज शुक्रवार होता. ताईने दुरुस्तीवाल्याला स्पीकरवर फोन लावला.

"किती वेळ झाला, काकू?"

"सात मिनिटं."

"मग करा बंद जबरदस्तीने. तीन बटणं एकदम दाबली की यादी येते, त्यातून..."

"ते येतं रे मला. जतन केलेलं नाही."

"दर पाच मिनिटांनी आपोआप होतं की."

सहा महिन्यांपूर्वी ताईनेच ते या दुरुस्तीवाल्याकडून बंद करून घेतलं होतं. दर पाच मिनिटांनी यंत्र दम खायला थांबायचं आणि भाऊचं साधं पाणी मागणंसुद्धा मध्येच लटकायचं. त्यालाही ते आठवलं असावं.

"बरं, मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवा. दिसतंय तेवढं तरी हाती राहील."

ताईने विचारलं, "भाऊ, काढू का रे फोटो?"

पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"नको म्हणतोय."

"मग वाट बघा. येतं कधी कधी ताळ्यावर. नाहीतर मग आमच्या साहेबांसारखं, दिवसभर नुसतं चक्र फिरतं, काम शून्य."

भाऊच्या डोळ्यांच्या कडा किंचित चुरगळल्या. हसला होता तो. ताईला हसू आलं नाही. चुकूनसुद्धा एखादा शब्द डोळ्यांत शिरू नये म्हणून तिने कॅमेरा मोकळा ठेवून पडद्यावर उशीचा अभ्रा टाकला आणि टिकटिक पुन्हा सुरू होते का, याकडे कान लावून बसली.

दहाला भाऊच्या पापण्या जड झाल्या. याचीही कल्पना डॉक्टरीणबाईंनी दिली होती. रक्तात वाईट हवा साचेल, गुंगी येईल, मग काही विचारण्यात अर्थ राहणार नाही.

"भाऊ, झोपू नकोस. आता हो-नाही तरी सांग. बाकीचं मागाहून लिही."

त्याने नजर अभ्र्याकडे नेली आणि तिथेच ठेवली. हट्टी तर तो लहानपणापासून होता.

"सगळं त्यातच आहे म्हणतोस, पण ते त्यातून निघत नाहीये रे. मी काय करू?"

पावणेअकराला डोळे मिटले, ते उघडले नाहीत. दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई आल्या. शुद्ध आहे का ते बघायला त्यांनी त्याच्या छातीवर मूठ घासली, नखं दाबली.

"पापणी एकदा मिटलीय," ताई म्हणाली. "एकदा म्हणजे हो."

"ही गुंगी आहे, ताई. हे धरता येत नाही. लिहिलंय काही?"

"तीन दिवस लिहितोय. यातच आहे."

तिने अभ्रा ओढला. पडदा कोरा पांढरा होता. अक्षरं केव्हाच गेली होती, चक्र तेवढं फिरत होतं. अभ्र्याखाली ती केव्हा गेली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"त्यांचा लेखी नकार नसेल तर मी नळी घालणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किंवा त्यांच्या वतीने तुम्ही नाही म्हणा. पण आत्ता."

"मी कशी म्हणू?"

नळीच्या संमतीच्या कागदावर सही करून तिने नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं. रुग्णवाहिकेची माणसं भाऊला उचलत असताना तिने तीन बटणं दाबली.

तीन आठवड्यांनी भाऊ घरी आला. गळ्यात नळी, उशाशी श्वास देणारं यंत्र. ताईने संगणक लावला, कोरं पान उघडलं आणि मुकाट पाठ केली. टिकटिक आली नाही. बऱ्याच वेळाने ती वळली.

"पुन्हा लिहितोस?"

दोनदा पापणी.

तिने खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली. "मग एकच सांग. नळी नको, असं लिहिलं होतंस का?"

भाऊने तिच्याकडे पाहिलं आणि पापणी पडू न देता डोळे उघडेच ठेवले. यंत्राने एक श्वास दिला, दुसरा दिला. ताई मोजत राहिली. नवव्या श्वासाला त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कानशिलावरून ओघळून कानात गेलं. पापणी हलली नाही. डोळे लाल झाले, तरी हलली नाही.

शेवटी ताईनेच हात पुढे केला आणि तळव्याने त्याचे डोळे मिटवले.