आजोबांनी जुळवलेलं गाणं

इतिहासाच्या बाईंनी फर्मान काढलं: घरातलं एखादं जुनं गाणं आणा, ते कुणाचं, कधीचं ते शोधून काढा, आणि शनिवारी सगळ्या शाळेपुढे गा. मला तर स्वर्ग दोन बोटंच उरला! आमच्या घरात खुद्द कवी राहतो. आईचे वडील. छापखान्यात चाळीस वर्षं काढलेले. कापड रंगवायच्या कारखान्यातल्या संपात गाजलेलं गाणं "मी जुळवलेलं" असं आईच्या लहानपणापासून सांगत आलेले.

बाई म्हणाल्या, "घरचे सांगतात तो पुरावा नव्हे. कागद आण."

आणला! वाचनालयात तीन दुपारी धूळ खाल्ली, तेव्हा संपाचं पिवळं पत्रक सापडलं. गाणं शब्दन्‌शब्द तेच. खाली मात्र छापलेलं: 'रचना: रंगखात्यातली एक कामगार बाई.'

माझ्या डोक्यात किडा वळवळला. मग चालही आठवली. प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रा रिकाम्या, तिथे आजोबा जोर लावल्यासारखं नुसतं 'हुंऽ' करतात. छापखान्यात कसला आलाय एवढा जोर? हौदातून ओलं कापड ओढणारीला लागेल. म्हणजे आजोबांनी गाणं ढापलं?

दोन दिवस पाळत ठेवली. पत्रकाचा विषय काढला की यांना नेमका चष्मा सापडेना. वर मलाच, "कशाला उकरत बसतेस? परीक्षा नाही का तुझी?" परीक्षा गेल्याच आठवड्यात संपलेली!

शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका छापायला जाणार होती. कवी म्हणून कुणाचं नाव घालायचं ते मलाच लिहून द्यायचं होतं. मी पत्रक सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आजोबा, खरं सांगा. हे तुम्ही जुळवलंत?"

"मीच. हे बघ, या 'र'ची शेपटी तुटलीय. आमच्याच छापखान्यातला खिळा."

"खिळा?"

"शिशाचं अक्षर गं. एकेक खिळा उचलून ओळ लावायची. त्यालाच जुळवणं म्हणतात."

"म्हणजे गाणं तुम्ही रचलं नाहीत?"

"मी कधी म्हटलं रचलं? जुळवलं म्हटलं. तुझ्या आईनं माझा कवी केला."

"आणि तुम्ही इतकी वर्षं मूग गिळून!"

"ती वर्गात सगळ्यांना सांगून आली होती. काय मिरवत होती!" आजोबा पत्रकाची घडी घालू लागले. "मग राहूनच गेलं."

"आणि त्या बाईचं नाव?"

"छापलं असतं तर तिची नोकरी गेली असती. तिनंच नको म्हटलं."

"आईला कोण सांगणार? मी नाही हं."

आजोबा उठले, स्वयंपाकघरात गेले. मी कागदावर लिहिलं: 'रचना: रंगखात्यातली एक कामगार बाई. खिळे जुळवणारे: माझे आजोबा.'

आतून आई कडाडली, "अहो बाबा, मी मावशीच्या सासरीसुद्धा सांगितलंय!"

मग जरा हळू आवाजात, "आणि ती बाई कोण होती?"

मी पेन खाली ठेवून दाराशी गेले.